रानमेव्याची बेगमी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

करवंदे, रातांबे (कोकमाची ओली फळे), जांभळे एकापाठोपाठ येतात आणि पावसाच्या तोंडावर संपतात. त्यामुळे एकदा बिघडलेली बरणी सुधारायला पुढच्या वर्षाचीच वाट पाहावी लागते. या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी चार घेतले आहेत.

प्रश्न : करवंदांची जेली दोनदा केली. करवंदे चांगली काळीभोर, पिकलेली होती. साखर रसाच्या वजनाइतकीच घातली. पहिल्यांदा पाकच राहिला, म्हणून दुसऱ्यांदा थर्मामीटर लावून १०५ अंशांपर्यंत आटवली, तर गोळीसारखी चिवट आणि कडवट झाली. (महाबळेश्वर)

पहिली चूक फळ निवडण्यात झाली. जेली धरते ती पेक्टिनमुळे, म्हणजे फळातल्या घट्टपणा आणणाऱ्या घटकामुळे, आणि करवंद पूर्ण पिकले की त्यातले पेक्टिन कमी होत जाते. खायला काळे करवंद उत्तम, पण जेलीला लालसर, अर्धे कच्चे हवे. तीन वाटे लालसर आणि एक वाटा काळे असे घ्या. रंग आणि वास काळ्याचा येतो, धरण्याचे काम लालसर करते.

दुसरी गोष्ट तुमच्या गावाची आहे. १०५ अंश हा आकडा समुद्रसपाटीचा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे साधे पाणीच ९५-९६ अंशांना उकळते. तिथे १०५ गाठेपर्यंत साखरेचा पाक जेलीच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. म्हणून आधी त्याच थर्मामीटरने उकळते पाणी मोजा आणि त्यात साडेचार-पाच अंश मिळवा. तुमच्याकडे साधारण १०० ला भांडे उतरवायला हवे. थर्मामीटर थोडा चुकीचा असला तरी या पद्धतीत ती चूक आपोआप वजा होते.

आता कृती. एक किलो करवंदांची देठे काढा. चीक सुटेल, म्हणून हाताला तेल लावा आणि फळे अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवून दोनदा धुवा. स्टीलच्या पातेल्यात फळे जेमतेम बुडतील इतके, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाणी घाला आणि मंद आचेवर २०-२५ मिनिटे शिजवून ठेचा. अ‍ॅल्युमिनियम नको, आंबट रस ते खातो. ओल्या मलमलीत बांधून रात्रभर टांगून ठेवा. पुरचुंडी पिळायची नाही. पिळली की रस थोडा जास्त मिळतो, पण जेली गढूळ होते.

रसात पेक्टिन किती आहे ते पाहायला, गार झालेल्या रसाचा एक चमचा घेऊन त्यात दोन चमचे स्पिरिट घाला, हलकेच हलवा आणि मिनिटभर थांबा. एकच घट्ट गोळा झाला तर लिटरभर रसाला एक किलो साखर. दोन-तीन गुठळ्या झाल्या तर पाऊण किलो. नुसती कणी दिसली तर अजून लालसर करवंदांचा रस हवा, साखर वाढवून उपयोग नाही. तपासलेला चमचाभर रस फेकून द्या, तो विषारी असतो.

एका वेळी लिटरभरच रस घ्या, भांडे पसरट घ्या आणि साखर विरघळली की आच मोठी ठेवा. मंद आचेवर तासभर रटरटले तर आम्लाच्या संगतीत पेक्टिन तुटते, मग कितीही आटवा, धरत नाही. शेवट जवळ आला की फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाका. मिनिटाने बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की झाले. उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवलेल्या गरम बरण्यांत लगेच भरा.

पहिला पाक अजून असेल तर वाचवता येईल. चार वाट्या पाकाला एक वाटी लालसर करवंदांचा रस आणि एका लिंबाचा रस घालून भरभर उकळा. चिवट झालेली मात्र जेली म्हणून परत येत नाही.

प्रश्न : आमसुले मे महिन्यात कडकडीत वाळवली होती. जुलैत डबा उघडला तर ओली, आणि काहींवर बुरशी. मीठ कमी पडले का? आगळ टिकते, मग आमसूल का नाही? (सावंतवाडी)

मीठ कमी पडले असेलच असे नाही. उलट, मीठच पाणी ओढते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाझरू लागते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. खड्याच्या मिठात इतर क्षार असतात, ते आणखी आधी ओल धरतात. आमसुलाच्या सालीवर या मिठाचाच थर असतो.

आगळ आणि आमसूल टिकतात ती वेगवेगळ्या कारणांनी. आगळ हा रसच आहे, तो मीठ आणि आंबटपणावर टिकतो. रातांब्याच्या एक किलो रसाला १६० ग्रॅम मीठ घालून आठवडाभर रोज ढवळायचे, मग गाळून काचेच्या बाटलीत भरायचे. ‘खारट होते’ म्हणून मीठ निम्मे केले तर आगळ फसफसते. आमसूल मात्र कोरडेपणावर टिकते. त्याच्या रसात किलोमागे १०० ग्रॅम मीठ पुरते, पण ओल गेलीच पाहिजे.

रातांब्याच्या साली आधी दिवसभर उन्हात सुकवा, मग रसात बुडवून पुन्हा वाळवा. अशी पाच-सहा पुटे द्यायची असतात. घाईत इथेच चूक होते. आधीचे पूट चिकट असतानाच पुढचे दिले तर वरचा थर कडक होतो आणि आत ओल कोंडते. हाताला कडक लागते, पण बरणीत गेल्यावर ती ओल बाहेर येते. एक आमसूल मधोमध फाडून पाहा : दाबल्यावर ओलसर चकाकी दिसली तर अजून दोन उन्हे द्या. मग पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या लहान लहान बरण्यांत भरा. मोठा डबा रोज उघडला की रोज दमट हवा आत जाते. बुरशी आलेली आमसुले धुऊन वापरू नका. नुसती ओलावलेली असतील ती ओव्हनमध्ये ६० अंशांवर पुन्हा सुकवता येतात.

प्रश्न : जांभळाच्या सरबतात ते टिकावे म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातले तर रंग उडाला. न घालता केले तर महिन्यात बाटलीचे झाकण उडाले. लिटरभर रसाला ७०० ग्रॅम साखर होती. (जुन्नर)

मेटाबायसल्फाइटमधून सुटणारा वायू जांभळा रंगच फिका करतो. जांभूळ, करवंद, कोकम यांना सोडियम बेंझोएट वापरायचे. ७०० ग्रॅम साखरेत सरबत जेमतेम ४८ टक्के गोड होते, आणि तेवढी साखर यीस्टला रोखत नाही, पोसते. निव्वळ साखरेवर टिकवायचे तर लिटरला १.६ किलो लागेल, मग गोडी ६५ टक्क्यांच्या पुढे जाते. आम्हाला ते फार गोड वाटते, जांभळाचा तुरटपणा त्यात हरवतो.

७०० ग्रॅमवरच राहायचे असेल तर तयार सरबताच्या दर किलोला ०.६ ग्रॅम बेंझोएट घाला. तुमच्या मापाचे सरबत सुमारे १.७ किलो होते, म्हणजे एक ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ग्रॅम नीट मोजता येत नाही. दहा ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलीलिटर करा आणि त्यातले १० मिलीलिटर घ्या. सोबत १० ग्रॅम सायट्रिक आम्लही हवे, कारण बेंझोएट आंबटातच काम करते.

प्रश्न : मुले रानातून काळी फळे आणतात. करवंदासारखे दिसणारे विषारी फळ कोणते? आणि जंगलातून फळे आणायला परवानगी लागते का? (कर्जत)

सर्वांत जपायचे ते बिट्टीपासून, म्हणजे पिवळ्या कण्हेरीपासून. दोन्ही झाडांना पांढरा चीक असतो आणि बिट्टीचे फळही पिकल्यावर काळे पडते. चिकावरून ओळख पटत नाही. करवंदाच्या जाळीला कडक काटे असतात, पाने समोरासमोर आणि लंबगोल, फळ लहान, आत अनेक चपट्या बिया. बिट्टीला काटे नसतात, पाने अरुंद आणि लांब, आत एकच मोठी, टोकेरी, कठीण बी. तिचे विष हृदयावर परिणाम करते आणि शिजवून किंवा वाळवून जात नाही. कोणी खाल्लेच तर उलटीची वाट न पाहता फळासह दवाखान्यात न्या.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात, जसे भीमाशंकर किंवा बोरिवलीचे संजय गांधी उद्यान, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय काही तोडता येत नाही. इतर जंगलात २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळालेले असतील, तर गौण वनोपज, म्हणजे फळांसारखी जंगलातली उपज, ग्रामसभेची. तिथे आधी गावात विचारा. अनेक घरांची उन्हाळ्याची कमाई त्याच जाळ्यांवर असते.