जुन्या वास्तूंच्या जतनासाठी येणाऱ्या सरकारी निधीतून कारागिरांना खरोखर रोजगार मिळतो का, आणि आमच्या वडिलोपार्जित वाड्याला तो निधी मिळेल का?

रोजगार मिळतो, मात्र तो कारागिराला मिळतो की नुसत्या मजुराला, हे निविदेत कोणत्या बाबी लिहिल्या आहेत त्यावर ठरते, निधी किती कोटींचा आहे त्यावर नाही. माझे वडील चुन्याच्या कामाचे गवंडी होते, त्यामुळे हे आमच्या घराने किंमत मोजून शिकलेले आहे.

फेब्रुवारी 2006 मध्ये आमच्या तालुक्यातील नदीघाटावरच्या जुन्या धर्मशाळेच्या दुरुस्तीला सरकारी पैसा आला. सर्वांत कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराला काम मिळाले आणि चुना कळणारा माणूस म्हणून त्याने वडिलांना बोलावले. वडिलांनी पहिल्याच दिवशी हौद खणून घेतला, कळीच्या चुन्यावर पाणी सोडले आणि हा चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरला पाहिजे, असे सांगितले. मुरलेला चुना ते अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहत, कारण कच्चा राहिलेला एखादा खडा पुढे गिलाव्यात फुलतो आणि तेवढा खपला पाडतो. त्यानंतर वाळू आणि सुरकी, म्हणजे विटांची भुकटी, घालून तो घाणीत मळायचा, त्यात गुळाचे आणि बेलफळाचे पाणी मिसळायचे, आणि मगच थापी हातात धरायची.

कामावरच्या अभियंत्यांचा प्रश्न सरळ होता : हे तीन आठवडे मोजमाप पुस्तिकेत कुठे दाखवायचे? तिच्यात घनमीटर होते, चौरस मीटर होते. मुरण्याला माप नव्हते. शिवाय 31 मार्चच्या आत खर्च दाखवला नाही, तर निधी परत जाणार होता. तेव्हा चुन्यात थोडे सिमेंट मिसळून काम उरकावे, असे ठरले. वडील थापी धुऊन, पिशवीत घालून घरी आले. माझा थोरला भाऊ त्याच ठेकेदाराकडे मुकादम होता. तो थांबला, त्याने काम पूर्ण केले आणि मार्चअखेर बिलही निघाले.

दोन पावसाळ्यांत त्या भिंतीला लोणा फुटला. सिमेंटमुळे घट्ट झालेला गिलावा ओल सहजी बाहेर पडू देत नाही; ती मागच्या मऊ विटांत साठते, क्षार वर येतात आणि विटांचेच पापुद्रे सुटू लागतात. पुन्हा निविदा निघाली, पुन्हा सर्वांत कमी दर स्वीकारला गेला. वडिलांना मात्र दुसऱ्यांदा कोणी बोलावले नाही.

दादाचे आजही म्हणणे असते, "बाबांच्या हट्टापायी आठ महिने घरात पैसा नव्हता, आणि भिंत तर अजून उभीच आहे." त्याला मी दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्याचे उदाहरण देतो. 2013 मध्ये पूर्ण झालेल्या त्या कामात, विसाव्या शतकातील दुरुस्त्यांत छतावर चढवलेले सुमारे 10 लाख किलो काँक्रीट उतरवावे लागले आणि कारागिरांना सुमारे 2 लाख मनुष्यदिवसांचे काम मिळाले. त्यावर दादा म्हणतो, "तिथे टाटांचा पैसा होता." हे खरे आहे. आगाखान ट्रस्टने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर केलेल्या त्या कामाला टाटांच्या ट्रस्टचे साहाय्य होते. मार्चअखेरची टांगती तलवार नव्हती. माझे म्हणणे तरी दुसरे काय आहे? सर्वेक्षणाच्या 2014 च्या जतन धोरणात पारंपरिक कारागिरांचे महत्त्व मान्य केलेले आहे. पण धोरण एकीकडे आणि सरकारी कामांचे दर ठरवणारी दरसूची दुसरीकडे, अशी स्थिती असेल तर गवंड्याच्या पदरात काय पडणार? चुना मुरण्याचे दिवस, आधी करून पाहायची नमुना भिंत, मुख्य कारागिराची रोजंदारी आणि त्याच्या हाताखालच्या दोन शिकाऊ मुलांचे विद्यावेतन या स्वतंत्र बाबी म्हणून निविदेत याव्यात. तेवढे होत नसेल, तर निधी वाढवू नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

अर्थात चुन्याची चांगली सरकारी कामे राज्यात झालेलीच नाहीत, असा याचा अर्थ नाही, आणि सर्व अभियंते सारखे नसतात. दादाने तेव्हा काम सोडले असते, तर माझे शिक्षण थांबले असते, हेही नमूद करायला हवे.

आता तुमच्या वाड्याविषयी. 1960 च्या राज्य कायद्याखाली तो संरक्षित स्मारक म्हणून घोषित असेल, तर पुरातत्त्व संचालनालयाकडे अर्ज करण्यात अर्थ आहे. राहत्या खासगी वाड्याला थेट पैसा मिळेल, ही आशा धरू नका. वाडा शहराच्या वारसा यादीत असेल, तर मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीप्रमाणे तुमच्याकडेही टीडीआरची, म्हणजे वाड्याच्या जागेवर न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्यासाठी विकण्याची, तरतूद आहे का, याची महापालिकेत चौकशी करा. दरम्यान जोत्याला ओल आली म्हणून कोणी सिमेंटचा गिलावा सुचवला, तर त्याला आधी थांबवा. आमच्या भागातले असाल, तर तो सुचवणारा बहुधा आमचा दादाच असेल.