कळण्याआधी घेतली होती, आता बाळाचे काय?

गरोदर असल्याचे कळण्याआधी दारू पोटात गेली, त्याचा बाळावर परिणाम होईल का, हा प्रश्न माझ्याकडे सहसा थेट येत नाही. तो झोप न लागण्याच्या, अंगदुखीच्या नाहीतर सोनोग्राफीच्या आडून येतो. बीड जिल्ह्यातील एका रुग्णालयात समुपदेशन करताना भेटलेल्या एका ऊसतोड कामगार स्त्रीची ही हकिकत आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हंगाम संपवून चैत्रात गावी परतल्यावर आशाताई तिला घेऊन आल्या. पाचवा महिना होता. केसपेपरचा कोपरा घडी घालून पुन्हा उलगडत तिने विचारले, "म्याडम, सोनोग्राफीत लेकराचा मेंदू दिसतो का?" हा प्रश्न साधा नव्हता. "दारू तर घेत नाही ना?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, म्हणून मी तंबाखू-मिश्रीची चौकशी करते त्याच स्वरात विचारले, "कोपीवर संध्याकाळी मालक घेत असतील, त्यांच्यासोबत तुम्ही आठवड्यातून किती वेळा घेत होता?" (कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची तात्पुरती झोपडी.)

थोडा वेळ गेला. "मोळ्या वाहून मान धरायची. ते घ्यायचे, मंग मलाबी अर्धा गिलास द्यायचे. दोन-तीनदा आठवड्याला. पोटात हाय ते ठावंच नव्हतं." पाळी चुकल्याचे तिच्या ध्यानात आले तेव्हा तिसरा महिना लागला होता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, अंगावर आणि खाडा केला की पैसे कापले जाणार, अशा दिवसांत पाळीची तारीख कोण लक्षात ठेवणार? तिला दोष देणाऱ्यांनी एकदा पहाटे चारला फडात उभे राहून पाहावे.

'पिशवी साफ करावी का' हेही तिने विचारले. मी तिला जे सांगितले ते असे. आईच्या रक्तातील दारू वारेतून बाळाकडे जाते, आणि बाळाचे यकृत अपुरे वाढलेले असल्यामुळे ती तिथे लवकर निचरत नाही. मेंदू नऊही महिने घडत असतो. म्हणून अमुक महिन्यात चालते किंवा इतकी थोडी चालते असे कोणतेही सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही, मग ती हातभट्टीची असो, शिंदी असो की बिअर. मात्र दारू घेतलेल्या प्रत्येक आईच्या बाळाला इजा होतेच असे नाही, आणि आज थांबले तर आजपासूनच्या वाढीला फायदा होतो. एवढ्या कारणावरून गर्भपाताचा सल्ला आमच्या डॉक्टरांनी दिला नाही. तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र सुखाचे नव्हते: मेंदूचा आकार सोनोग्राफीत दिसतो, त्याचे काम दिसत नाही, आणि दारूमुळे गर्भातल्या बाळाला होणारा आजार (फीटल अल्कोहोल सिंड्रोम व त्याचे सौम्य प्रकार) जन्माआधी सांगणारी तपासणी नाही. न घेतल्यास सकाळी हात थरथरतात का, घाम फुटतो का, हेही विचारले, कारण रोजची सवय जडलेल्या बाईने घरी एकदम बंद करणे धोक्याचे असते. अशा बाईला ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. हिला तसा त्रास नव्हता. पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावले, कारण गिलास पुढे करणारा हात त्याचा होता.

तिसऱ्या भेटीत ती सासूला आणि थोरल्या मुलाला घेऊन आली. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. आज शिकवलेले उद्या विसरतो, वर्गात बसत नाही, आणि शाळेत त्याला मठ्ठ म्हणतात. त्याच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत आपण जवळजवळ रोज दारू घेत होतो, हे तिने सासूसमोरच सांगितले. वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट, डोळ्यांच्या फटी आखूड ही या आजाराची लक्षणे अमेरिकेतील जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी 1973 मध्ये नोंदवली. पण पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि निदान समुपदेशकाने करायचेही नसते. मी त्याला मुलांच्या वाढीतील अडचणी तपासणाऱ्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले.

घरी काय करायचे यावर मात्र आम्ही तासभर बोललो. "शेळ्यांना पाणी पाज अन् येताना काडीपेटी आण," असे आजी सांगे. तो पाणी पाजून तिथेच खेळत बसे आणि मार खाई. त्याने मुद्दाम केलेले नाही. दुसरी सूचना त्याच्या डोक्यात टिकतच नाही, हे आजीला पटायला वेळ लागला. एका वेळी एकच काम, ते झाल्यावर दुसरे, रोजचा क्रम तोच, आणि सकाळच्या कामांची चित्रे भिंतीवर, असे ठरले. मेंदूला झालेली इजा बरी होत नाही, परंतु मार थांबला, घर स्थिर राहिले आणि मदत लवकर मिळाली तर मूल पुष्कळ सावरते. त्यामुळे हंगामाला त्याला सोबत न नेता आजीजवळ शाळेत ठेवायचे ठरले. आजीने भिंतीवर कोळशाने शेळी, बादली आणि दप्तर काढल्याचे आशाताईंनी मला कळवले.

गौरी-गणपतीच्या सुमारास ती बाळंत झाली. मुलगी, वजन 2 किलो 600 ग्रॅम. वजनावरून मेंदूबद्दल निर्वाळा देता येत नाही, म्हणून तिच्या वाढीच्या तपासण्यांच्या तारखा लगेच लिहून दिल्या. वॉर्डातून निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेतले आणि पिशवीतून ब्रँडीची छोटी बाटली काढली. "बाळंतिणीला थंडी नको म्हणून आणली व्हती. दोन चमचे. आता हीबी दुधातून जाती का?" मी म्हणाले, "हो, जाते." बाटली परत पिशवीत ठेवून त्या म्हणाल्या, "मंग शेकच देते."