टेस्ट एकेकटी चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की फेल. प्लगइनच्या संचात दोष शोधायचा कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रावेर-सावद्याकडच्या केळी व्यापाऱ्यांसाठी वर्डप्रेसवर पाच प्लगइनचा संच आहे. एक मुख्य, त्यात शेतकऱ्यांची खाती आणि हिशोबपट्ट्या. त्याला जोडून भाव, उचल, एसएमएस आणि अहवाल अशी चार. टेस्ट लिहिणारा माणूस नोकरी बदलून पुण्याला गेला. आता पीएचपीयुनिटमध्ये (पीएचपी कोडच्या टेस्ट चालवणारं साधन) एकेक टेस्ट चालवली तर पास होते. सगळा संच चालवला की दिवसाच्या उलाढालीची टेस्ट दरवेळी फेल होते, 77,700 ऐवजी 1,55,400 येतात. आणि कोड सर्व्हरवर ढकलला की तिथे भलत्याच दोन-तीन फेल. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज आणि झॅम्प (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणारं तयार पॅकेज), सर्व्हरवर उबंटू (लिनक्स) आणि मायएसक्यूएल डेटाबेस.

मी भुसावळला घरून असाच एक संच सांभाळतो. आपल्याकडे शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी सीनियर बसलेला नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, उलाढालीच्या टेस्टचा कोड वाचत बसू नका. एकटी असताना ती पास होतेय, म्हणजे तिचा हिशोब बरोबर आहे. तिच्या आधी चाललेल्या कुठल्या तरी टेस्टने काहीतरी मागे ठेवलंय. लाल दिसते ती टेस्ट बहुतेक वेळा निर्दोष असते, आणि घाण करणारी टेस्ट ऐटीत हिरवी दिसत असते. शोध त्या हिरवीचा घ्यायचा.

तुमच्या एररमध्येच अर्धं उत्तर आहे. 42 क्विंटल, भाव 1850, झाले 77,700. मिळाले बरोबर दुप्पट. भाव चुकला असता तर आकडा वेडावाकडा आला असता. नेमका दुप्पट येतोय, म्हणजे त्याच तारखेची तेवढ्याच रकमेची दुसरी पट्टी टेबलात पडून आहे. कोणीतरी नमुन्याचा डेटा एका टेस्टमधून दुसरीत कॉपी केलाय आणि पहिलीचा पुसला गेलेला नाही.

आता तो का पुसला गेला नाही? वर्डप्रेसचा टेस्टसाठीचा मूळ क्लास प्रत्येक टेस्टच्या आधी डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का किंवा रद्द करता येणारा बदलांचा गठ्ठा) सुरू करतो आणि टेस्ट संपली की रोलबॅक करतो, म्हणजे ते बदल मागे घेतो. टेस्टने घातलेल्या सगळ्या ओळी आपोआप जायला हव्यात. त्या राहिल्या तर रोलबॅक झालाच नाही किंवा झाला तेव्हा उशीर झाला होता. याची दोन-तीन नेहमीची कारणं आहेत. कोणीतरी स्वतःचं सेट-अप (प्रत्येक टेस्टच्या आधी चालणारं फंक्शन) लिहिताना मूळ क्लासचं सेट-अप बोलवायचं विसरलं, मग ट्रान्झॅक्शन सुरूच होत नाही. किंवा तुमचं एखादं टेबल मायआयसॅम या जुन्या साठवण-इंजिनवर आहे, त्याला ट्रान्झॅक्शन माहीतच नाही.

पण माझा संशय तिसऱ्या कारणावर आहे, कारण ते फार पाहण्यात येतं. टेअर-डाउनमध्ये (टेस्ट संपल्यावर चालणारं फंक्शन) 'साफसफाई' म्हणून कोणीतरी आपलं टेबल ट्रंकेट, म्हणजे एका फटक्यात रिकामं, केलेलं असतं. हेतू चांगला, पण मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट ही डिलीटसारखी साधी क्वेरी नाही. ती चालली की चालू ट्रान्झॅक्शन तिथेच कमिट होतं, म्हणजे कायमचं पक्कं, न विचारता. समजा भाव प्लगइनच्या टेस्टने एक पट्टी तयार केली, एक भाव घातला आणि शेवटी भावाचं टेबल ट्रंकेट केलं. भाव गेला, पण पट्टी कायमची पक्की झाली. नंतरचा रोलबॅक येतो तेव्हा त्याला मागे घ्यायला काही उरलेलंच नसतं. ऑल्टर टेबल आणि क्रिएट इंडेक्स यांचंही तसंच, टेम्पररी टेबलावर चालवले तरी ते कमिट करतात. उपाय सोपा आहे, ती ओळ काढून टाका. फारच वाटलं तर डिलीट वापरा.

ती ओळ पाच प्लगइनमध्ये कुठे आहे ते शोधायला एडिटरमध्ये 'ट्रंकेट' शोधून पाहाच, पण क्वेरी तुकड्यातुकड्यांनी जोडलेली असेल तर सापडणार नाही. त्यापेक्षा बूटस्ट्रॅप फाइलमध्ये (टेस्ट सुरू होण्याआधी चालणारी फाइल) वर्डप्रेसच्या 'क्वेरी' फिल्टरवर, जिथून प्रत्येक क्वेरी जाते, एक छोटं फंक्शन टांगा. क्वेरी ट्रंकेट किंवा ऑल्टरने सुरू होत असेल तर ती आणि सोबत डब्ल्यूपी-डीबग-बॅकट्रेस-समरी या फंक्शनचं उत्तर एरर लॉगमध्ये लिहायचं. कोणत्या टेस्टमधून, कोणत्या फंक्शनमधून ती क्वेरी निघाली ते एका ओळीत दिसतं. कामाची युक्ती आहे, एक्सडीबग (चालता कोड मध्येच थांबवून तपासायचं साधन) लावायच्या आधी हे करून पाहा.

यातून काही निघालं नाही तर मग निम्मं-निम्मं करायचं. उलाढालीच्या आधी चालणाऱ्या टेस्टच्या क्लासची यादी काढा, पहिला अर्धा भाग अधिक उलाढाल एवढंच फिल्टर पर्यायाने चालवा. फेल झाली तर गुन्हेगार त्या अर्ध्यात, नाहीतर दुसऱ्यात. शंभर क्लास असले तरी सात फेऱ्यांत एकावर येता. तुमच्याकडे नेहमी एकच टेस्ट फेल होते म्हणून हे सोपं आहे. ज्यांच्याकडे दरवेळी वेगळी फेल होते त्यांनी क्रम रँडम करून चालवावं. पीएचपीयुनिट वरतीच त्या क्रमाचा सीड (ज्या आकड्यावरून क्रम ठरतो तो) छापतो. तो सीड जपून ठेवला आणि पुढच्या वेळी रँडम-ऑर्डर-सीड या पर्यायात दिला की तोच क्रम पुन्हा मिळतो. सीड न लिहून ठेवता 'पुन्हा चालवलं तर झालं पास' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

एक आडची गोष्ट. आमच्याकडे टेस्ट गडबडली की पहिलं कारण दिलं जातं, 'मध्ये लाईट गेली, डेटा अर्धवट राहिला असेल'. महावितरणवर राग काढायला बाकी कारणं पुष्कळ आहेत, हे त्यातलं नाही. कनेक्शन तुटलं की इनोडीबी (मायएसक्यूएलचं नेहमीचं इंजिन) कमिट न झालेलं सगळं स्वतःच मागे घेतं. शिवाय पुढच्या वेळी संच सुरू होताना वर्डप्रेसची मूळ टेबलं पाडून नव्याने बांधली जातात. (म्हणूनच टेस्टच्या कॉन्फिग फाइलमध्ये चालू साइटचा डेटाबेस कधीही देऊ नका. सगळं पुसलं जाईल आणि कोणी विचारणारही नाही.) मात्र पाडली जातात ती फक्त वर्डप्रेसची टेबलं. तुमच्या प्लगइनची टेबलं तशीच राहतात, जुन्या ओळींसकट. त्यामुळे प्लगइनच्या टेबलात एखादी ओळ कमिट झाली असेल तर ती उद्याही भेटेल. (तुमची उलाढालीची टेस्ट एकटी असताना पास होतेय, म्हणजे ती पट्टी बहुधा वर्डप्रेसच्या टेबलात असावी, पण खात्री करून घ्या.) दोष काढल्यावर टेस्टचा डेटाबेस एकदा हाताने पाडून नवा बांधा, नाहीतर अशा ओळीमुळे दुरुस्ती होऊनही एखादी टेस्ट लालच दिसेल आणि डोकं फिरेल.

आयडीचंही बघून घ्या. 'शेतकरी क्रमांक 4' असा आकडा टेस्टमध्ये थेट लिहिला असेल तर तोही एकट्याने पास आणि घोळक्यात फेल होतो. रोलबॅकने ओळ जाते, पण ऑटो-इन्क्रिमेंटचा (आपोआप वाढणाऱ्या आयडीचा) आकडा मागे येत नाही. फॅक्टरीने (टेस्टसाठी नमुना डेटा बनवणारं साधन) जो आयडी परत दिला तोच वापरायचा.

आता सर्व्हरवरच्या त्या दोन-तीन. यांचा वरच्या भानगडीशी बहुधा संबंध नाही, त्यामुळे दोन्ही गुंते एकत्र सोडवायला जाऊ नका.

अहवाल प्लगइनची टेस्ट सर्व्हरवर 'कान्ट रीओपन टेबल' म्हणून पडतेय, असं तुम्ही लिहिलंय. हे कारण मजेशीर आहे. टेस्ट चालू असताना वर्डप्रेस तुमची क्रिएट टेबल क्वेरी गुपचूप क्रिएट टेम्पररी टेबल करून टाकतं. मायएसक्यूएल एकाच क्वेरीत एकच टेम्पररी टेबल दोनदा वापरू देत नाही. कालच्या आणि आजच्या भावाची तुलना करायला तुम्ही भावाचं टेबल त्यालाच जोडलं असणार, तिथे ती अडते. आणि लॅपटॉपवर पास का? कारण झॅम्पमध्ये मायएसक्यूएल असं नाव दिसलं तरी आत मारियाडीबी असते, आणि मारियाडीबीने 10.2 पासून ही अडचण काढून टाकली आहे. तुमची क्वेरी बरोबर आहे, ग्राहकाच्या साइटवर ती नीट चालेल. टेबल टेस्टच्या आत न बनवता बूटस्ट्रॅपमध्ये, टेस्ट सुरू होण्याआधी बनवा, म्हणजे ते खरं टेबल होईल.

त्याच टेम्पररीमुळे दुसरी एक गंमत होते. 'शो टेबल्स' मध्ये टेम्पररी टेबल दिसत नाही. तुमचा कोड टेबल आहे का हे तसं तपासत असेल तर टेबल समोर असूनही तो 'नाही' म्हणेल.

बूटस्ट्रॅपचा विषय निघालाच आहे तर हेही. तिथे प्लगइनची फाइल नुसती रिक्वायर केलेली असते, प्लगइन 'अ‍ॅक्टिव्हेट' होत नाही. म्हणजे अ‍ॅक्टिव्हेशन हूक (प्लगइन चालू करताना चालणारा कोड) चालत नाही, त्यात लिहिलेली टेबलं बनत नाहीत. तुमच्या लॅपटॉपवर कधीकाळी बनलेली टेबलं शिल्लक असल्याने सगळं सुरळीत, आणि सर्व्हरवर दरवेळी कोरा डेटाबेस असल्याने 'टेबल अस्तित्वात नाही'. टेबल बनवणारं फंक्शन बूटस्ट्रॅपमधून मुद्दाम बोलवा.

तिसरी फेल होतेय ती क्लास सापडत नाही म्हणून. फाइलचं नाव तपासा. विंडोजला नावातलं मोठं-लहान अक्षर सारखंच, लिनक्सला नाही. यात डीबग करण्यासारखं काही नाही.

पाच प्लगइन असल्यामुळे एक धोका मात्र टेस्टमध्ये दिसणारच नाही, तो सांगून ठेवतो. बूटस्ट्रॅपमध्ये तुम्ही मुख्य प्लगइन आधी रिक्वायर करता, मग जोड. खऱ्या साइटवर वर्डप्रेस चालू प्लगइनची यादी नावाच्या क्रमाने लावून ठेवतं, त्यामुळे 'ए'ने सुरू होणारं अहवाल प्लगइन 'के'ने सुरू होणाऱ्या मुख्य प्लगइनच्या आधी लोड होईल. वर्डप्रेस 6.5 पासून आलेल्या 'रिक्वायर्स प्लगइन्स' या हेडरने मुख्य नसताना जोड चालू करता येत नाही, पण लोड होण्याचा क्रम त्याने बदलत नाही. जोड प्लगइनचं काम प्लगइन्स-लोडेड हूकवरच (सगळी प्लगइन लोड झाल्यावर चालणारा) सुरू करा, आणि सर्व्हरवर एक फेरी बूटस्ट्रॅपमध्ये उलटा क्रम लावून चालवा.

वेळेचं एक. भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, दुपारी लॅपटॉप मांडीवर घेववत नाही, म्हणून आम्ही बरेच जण रात्री काम करतो. आणि नेमक्या रात्री 12 ते पहाटे साडेपाच या वेळात 'आजचा भाव'च्या टेस्ट फेल होतात. वर्डप्रेस पीएचपीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, ठेवतं. टेस्टमधली अपेक्षित तारीख डेट फंक्शनने काढली आणि प्लगइनने साइटच्या टाइमझोनप्रमाणे, म्हणजे आशिया-कोलकाता धरून काढली, की त्या साडेपाच तासांत दोन्हींत एका दिवसाचा फरक पडतो. टेस्टमध्ये 'आज' नकोच. ठरावीक वेळ बाहेरून फंक्शनला द्या.

एसएमएस प्लगइनच्या टेस्ट खरोखर बाहेर रिक्वेस्ट पाठवत असतील तर आधी ते बंद करा. प्री-एचटीटीपी-रिक्वेस्ट फिल्टरवरून ठरलेलं उत्तर परत दिलं की नेटची गरजच उरत नाही, आणि कुणा शेतकऱ्याला मध्यरात्री टेस्टचा एसएमएसही जात नाही.

एक्सडीबगबद्दल तुम्ही विचारलंय की ब्रेकपॉइंटवर थांबतच नाही. आवृत्ती 3 पासून त्याचा पोर्ट 9003 आहे, इंटरनेटवरचे जुने लेख 9000 सांगतात. मोड 'डीबग' हवा आणि स्टार्ट-विथ-रिक्वेस्ट 'येस' हवं, कारण कमांड लाइनवरून चालताना ब्राउझरचं बटण दाबायला कोणी नसतं. आणि हे बदल कमांड लाइनचं पीएचपी जी आयएनआय फाइल वाचतं तिच्यात केलेत ना, ते पीएचपीला 'आयएनआय' पर्याय देऊन पाहून घ्या. झॅम्पसोबत वेगळं पीएचपीही टाकलेलं असेल तर इथेच फसगत होते.

आधी ट्रंकेटचं बघा. नसेल सापडत तर भाव प्लगइनच्या टेस्टचं टेअर-डाउन आणि बूटस्ट्रॅप फाइल इथे कमेंटमध्ये टाका. डेटाबेसचा पासवर्ड तेवढा काढून.