पांढरं पान आणि हरवलेली चूक

प्रश्न : नौपाड्यातल्या आमच्या फराळाच्या दुकानाची साइट पीएचपीत आहे. ऑर्डरचं बटण दाबलं की कधीकधी नुसतं पांढरं पान येतं. चूक शोधायची कशी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पांढरं पान म्हणजे बहुधा फेटल एरर (प्रोग्रॅम जागीच थांबवणारी चूक), जी पडद्यावरही आली नाही नि कुठे नोंदलीही गेली नाही. पडद्यावर आणूही नका. गिऱ्हाइकाला फाइलींचे पत्ते दिसतात. पीएचपीच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये 'डिस्प्ले एरर्स' ऑफ आणि 'लॉग एरर्स' ऑन करा. 'एरर लॉग'पुढे नोंदवहीच्या फाइलचा पूर्ण पत्ता द्या, पण ती साइटच्या फोल्डरबाहेर ठेवा. मग एफपीएम (वेबसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा.

तरीही नोंदवहीची फाइल रिकामीच? बहुतेक जण इथेच अडकतात. टर्मिनलवरच्या (कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या) पीएचपीची आयएनआय वेगळी असते आणि वेबची वेगळी. आपण भलतीच फाइल बदललेली असते. 'पीएचपी इन्फो'च्या (पीएचपीच्या सेटिंग्ज दाखवणाऱ्या) पानावर 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' बघा (बघून झालं की ते पान काढून टाका, विसरू नका!). दुसरं कारण परवानगीचं. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) एफपीएम सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वापरकर्त्याच्या नावाने चालतं. त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता आलं पाहिजे.

नोंदीतली वेळ मात्र चकवते. टाइमझोन दिलेला नसेल तर ती यूटीसीत (आपल्या साडेपाच तास मागच्या जागतिक प्रमाणवेळेत) पडते : सकाळी ११ची फसलेली ऑर्डर ०५:३०ला सापडेल. आयएनआयमधल्या 'डेट टाइमझोन'मध्ये एशिया/कोलकाता लिहा. आणि कोडमध्ये एरर-लॉग फंक्शन ३ या प्रकाराने (नोंद थेट दिलेल्या फाइलीत लिहायला) वापरत असाल तर ओळ तोडायची खूण स्वतः द्या, नाहीतर सगळ्या नोंदी एकाच ओळीत चिकटतात.