गुडघ्याचं औषध मांडीत

पाऊस लागला की गुडघ्यांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न गोळ्या, पावडरी आणि पुड्यांचे आहेत, व्यायामाचे थोडे. माझी उत्तरं मात्र पुन्हा पुन्हा व्यायामाकडेच वळतील, कारण फिजिओथेरपिस्ट म्हणून मला गुडघे सुधारताना दिसतात ते मुख्यतः तिथूनच.

माझा मुलगा दुबईला असतो. येताना त्यानं ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांचा मोठा डबा आणला. वय ५८, दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. या गोळ्यांनी झिजलेली गादी भरून येते का? – गृहिणी, म्हापसा

नाही, गादी भरून येत नाही. मुलानं मायेनं आणलेली वस्तू आहे, त्यामुळे हे लिहिताना मलाही जड जातं. पण खरं तेच सांगायला हवं.

ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे आपल्या कूर्चेतलेच, म्हणजे सांध्यातल्या या गादीतलेच घटक आहेत. म्हणून ते पोटातून घेतले की थेट गुडघ्यात जाऊन बसतील असं वाटतं. तसं होत असेल तर रुग्णांमध्ये फरक दिसला पाहिजे. अमेरिकेत सरकारी खर्चानं झालेली एक मोठी चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. गुडघेदुखीच्या १५८३ रुग्णांना २४ आठवडे वेगवेगळ्या गोळ्या दिल्या गेल्या. काहींना ग्लुकोसामाइन, काहींना कॉन्ड्रॉइटिन, काहींना दोन्ही, काहींना नेहमीची वेदनाशामक गोळी आणि काहींना औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी. या शेवटच्या गटातही सुमारे ६० टक्के लोकांचं दुखणं निदान पाचव्या हिश्शानं कमी झालं. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांत हा आकडा ६७ टक्क्यांच्या आसपास होता, आणि एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. ज्यांचं दुखणं बऱ्यापैकी तीव्र होतं त्यांच्यात दोन्ही मिळून थोडा उपयोग दिसला, पण तो गट लहान होता. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी या गोळ्या घेऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच सूचनांत व्यायाम आणि वजन कमी करणं यांची मात्र जोरदार शिफारस आहे.

आता डबा घरात आहेच, तर दोन गोष्टी आधी तपासा. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा सुंगटं-कुर्ल्यांच्या (कोळंबी-खेकड्यांच्या) कवचापासून बनवतात. त्यांची ॲलर्जी असेल तर डबा उघडूच नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. यातलं काही नसेल तर तीन महिने घेऊन बघा. फरक वाटला नाही तर थांबा, आणि मुलाला सांगा की पुढच्या वेळी चांगले, मऊ तळव्याचे बूट आण. त्यांचा उपयोग नक्की होईल.

मी निवृत्त शिक्षक, वय ६६. रोज सकाळी कांपाल ते मिरामार चालतो. एक्स-रेमध्ये झीज दिसल्यापासून घरचे म्हणतात, चाललात तर आणखी झिजेल. चालणं बंद करू का? – पणजी

बंद करू नका. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पाय टेकला की ती दाबली जाते, उचलला की मोकळी होते, आणि पाण्यात दाबून सोडलेल्या स्पंजासारखी सांध्यातलं द्रव शोषून घेते. तिचं पोषण त्या द्रवातून होतं. बसून राहिलेल्या गुडघ्याला ते नीट मिळत नाही, आणि मांडीचे स्नायू आटतात ते वेगळंच.

एक्स-रेला फार घाबरू नका. फिल्मवर भरपूर झीज दिसणारी माणसं आरामात चालतात, आणि जवळजवळ स्वच्छ फिल्म असलेल्यांना खूप दुखतं, असं नेहमी आढळतं. तुमचं चालणं ठरवायचं ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून. चालताना थोडं दुखलं आणि २४ तासांत पूर्ववत झालं तर हरकत नाही. सकाळी उठल्यावर आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल किंवा सूज असेल तर अंतर कमी करा, शून्य करू नका.

कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालू नका. पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते, पण तिला उतार असतो, त्यामुळे एका पायावर सतत जास्त ताण येतो. तुमच्यासाठी फुटपाथच बरा. आल्तिनोचा चढ जमत असेल तर चढा, पण उतरताना सावकाश, कारण उतारावर गुडघ्याच्या वाटीवर जास्त भार येतो. वजन जास्त असेल तर तेही बघा. गुडघ्याची झीज असलेल्या जाड माणसांच्या एका अभ्यासात आढळलं की एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. रोजच्या हजारो पावलांचा हिशेब केलात तर पाच किलोंचं मोल लक्षात येईल.

चवथीला तीन महिने आहेत. आमच्या मूळ घरी सगळं खाली बसूनच होतं, आदोळीवर नारळ खवणं, नेवऱ्या भरणं. शिवाय फुगडी! गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे मी नुसती खुर्चीवर बसून होते आणि फार वाईट वाटलं. वय ५२. या वर्षी काही होऊ शकेल? – डिचोली

होऊ शकेल, आणि तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंत. स्नायूंना बळ यायला आठ ते बारा आठवडे लागतात, तेवढे हातात आहेत.

गुडघ्याला धरून ठेवतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो कमकुवत असला की उठता-बसताना सगळा धक्का सांध्यावर येतो. पहिल्या आठवड्यात एवढंच करा: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्यानं खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. असं दहादा, प्रत्येक पायानं, सकाळ-संध्याकाळ. मग आडवं पडून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर-दीड वीत उचला, पाच आकडे धरा, हळू खाली आणा. श्वास रोखू नका.

हे सोपं वाटायला लागलं की खुर्चीचा व्यायाम सुरू करा. माझ्या मते सगळ्या व्यायामांत हा सर्वांत मोलाचा. भिंतीला टेकवलेल्या घट्ट खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या, उठा. मग तीन आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर व्यायामाचा अर्धा फायदा गेला. सुरुवातीला हातांचा आधार घेतला तरी चालेल, किंवा खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा वेळा, आठवड्यातून तीन-चार दिवस. जमलं की उशी काढा, मग थोडी बुटकी खुर्ची घ्या. अशीच एकेक पायरी खाली येत पाटापर्यंत पोचायचं आहे. सोबत ओट्याला धरून टाचा उचलणं, आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. कमरेच्या बाजूचे स्नायू बळकट असले की गुडघा आत वळत नाही.

आदोळी या वर्षी टेबलावर घ्या, किंवा टेबलाला लावायची खवणी मिळते ती आणा. नेवऱ्या भरताना अर्ध्या-अर्ध्या तासानं उठून घरात एक फेरी मारा. फुगडीत वाकून घालायची तेवढी सोडा. उभ्यानं फेर धरायची फुगडी मात्र जरूर घाला, वेग थोडा कमी ठेवून. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-भाज्यांची आरास) बांधायला स्टुलावर दुसऱ्या कुणाला तरी चढू द्या.

व्हिटॅमिन डी आणि हळदीच्या गोळ्या घ्याव्यात का? – कुंकळ्ळी

डीची कमतरता असेल तर हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ती भरून काढायलाच हवी. पण त्यानं गुडघ्याची झीज थांबत नाही. ६०,००० युनिटची पुडी किती आठवडे घ्यायची ते डॉक्टर ठरवतात. मनानं वर्षभर घेत राहिल्यानं रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीला गेलेले रुग्ण असतात. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी दुखणं थोडं कमी होतं असं छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. यकृताचा त्रास असलेल्यांनी टाळाव्यात. हुमणातली हळद बिनधास्त खा.

वडील ७० वर्षांचे, मधुमेही. जत्रेत मिळालेल्या बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत गुडघे थांबले. आठ महिने घेतायत. आता चेहरा सुजल्यासारखा गोल दिसतो. – सांगे

हे पत्र वाचून मला खरोखर काळजी वाटली. बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत जादू होते आणि चेहरा गोल होतो, तेव्हा तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्यावी. त्यानं साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. पण पुडी आज एकदम बंद करू नका. इतके महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि अचानक तोडल्यावर माणूस कोसळू शकतो. उरलेल्या पुड्या बरोबर घेऊन त्यांना या आठवड्यातच फिजिशियनकडे न्या. उलट्या, चक्कर, फार गळाठा वाटला तर त्याच क्षणी. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक जेल गुडघ्यावर लावता येतं का, हेही तिथेच विचारा. पोटातल्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा त्याचा मूत्रपिंडाला धोका खूपच कमी असतो.

वय ४४. रात्रीत एक गुडघा सुजून लाल झाला, हात लावू देत नाही. व्यायाम सुरू करू? – वास्को

अजिबात नको. झीज अशी एका रात्रीत येत नाही. ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो, आजच्या आज गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात जा. युरिक ॲसिडचा गाउटही असाच येतो. झटक्याच्या वेळी रक्तातलं युरिक ॲसिड कधी कधी नॉर्मल दिसतं, म्हणून सांध्यातलं पाणी काढून तपासणं महत्त्वाचं. गाउट निघाला तर बियर, तारले आणि बांगडे यांवर ताबा ठेवावा लागेल.

आई ७४ वर्षांची, उजवा गुडघा खूप दुखतो. काठी घे म्हटलं की रागावते. घेतली तर कुठल्या हातात? – काणकोण

डाव्या हातात. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरली आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकली की भार वाटला जातो. बहुतेक माणसं नेमकी उलट धरतात. सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. घरात वापरायचा आग्रह धरू नका. देवळात जाताना, बाजारात जाताना एवढीच सुरुवात करा, दुखणं कमी झालं की त्या स्वतःच मागतील. काठीच्या टोकाचं रबरी बूच झिजलं असेल तर आताच बदला, पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवर झिजलेलं बूच निसटतं.