धावणारा आघात 'स्थिर' कसा?

प्रश्न असा आला आहे: "'शॉक वेव्ह दीर्घकाळ स्थिर राहते' हे वाक्य बरोबर आहे का? ती तर धावत असते. आणि तिला आघात-तरंग म्हणावं की धक्का-लहर?"

वाक्य चूक आहे, आणि ते ऐकून ऐकून कान किटले आहेत. (शॉक वेव्ह, म्हणजे आघात: प्रवाहाचा वेग जिथे एकदम उडी घेतो ती सीमा.) न बदलणारं, न हलणारं आणि न ढळणारं या तिन्हींना आपण 'स्थिर' म्हणून मोकळे होतो. बर्गर्सचं समीकरण घ्या, म्हणजे प्रवाहाचा वेग कसा बदलतो ते सांगणारं एक साधं समीकरण, आणि घर्षण शून्य धरा. डावीकडे प्रवाहाचा वेग 2, उजवीकडे 0 असेल तर मधला आघात 1 या वेगाने पळतो, पण छेडला, म्हणजे थोडा विस्कटला, तरी मोडत नाही. डावीकडे -1, उजवीकडे 1 ठेवा. दोन बाजूंच्या वेगांवरून आघाताचा वेग ठरवणाऱ्या रँकिन-ह्यूगोनिओ अटीनुसार हा आघात जागचा हलायला नको. पण उडीची धार किंचित बोथट केली की तो पसरत जाऊन विरतो. पळणारा टिकला, उभा होता तो गेला! आता 'स्थिर' कोणाला म्हणणार?

'स्थायी' म्हणा, असं काही पंडित सुचवतात. पुढे सांगतो ते इलिन-ओलेइनिक यांचं प्रमेय त्यांनी वाचलेलं दिसत नाही. नुसतं टिकण्याचा मुद्दा नाही, ढळल्यावर सावरण्याचा आहे. 'दीर्घकाळ'ही फसवा आहे. सावरणं पूर्ण होतं ते काळ अनंताकडे जाताना, म्हणून 'कालांतराने' म्हणा.

खरा शब्द आपल्या तोंडात आहे: थारा. 'डोकं थाऱ्यावर नाही' म्हणतो तेव्हा डोकं कुठे हरवलेलं नसतं, ढळलेलं असतं. ते 'थाऱ्यावर येतं'. थारा म्हणजे नुसता 'आश्रय', हे मला मुळीच पटत नाही. माझ्या मते थारा 'स्था' धातूच्याच घरातला, स्थिर-स्थावरांचा भाऊ. लॅटिनमधला 'स्तारे' म्हणजे उभं राहणं, तोही याच कुळातला. आणि याच थाऱ्यापासून झालेला 'थारेपालट' म्हणजे जागा बदलणं. गंमत इथे आहे. इलिन आणि ओलेइनिक या गणितज्ञांनी 1960 मध्ये एकाच राशीच्या (इथे वेगाच्या), घर्षण असलेल्या समीकरणासाठी सिद्ध केलं की छेडलेला आघात आपल्या मूळ आकारावर परत येतो, पण जागा थोडी सरकलेली असते. किती? छेडताना घातलेली एकूण भर भागिले दोन बाजूंच्या वेगांतला फरक. वरच्या 2 आणि 0 च्या आघातात 1 एवढी भर घातली तर तो अर्धा एकक पुढे. म्हणजे थाऱ्यावर येतो, पण थारेपालट करून! (समीकरणांचा संच असला की प्रकरण इतकं सरळ राहत नाही, भरीचा काही भाग वेगळ्या लहरींवाटे निघून जातो.)

तेव्हा लिहा: 'छेडलेला आघात-तरंग कालांतराने थाऱ्यावर येतो.' धक्का-लहर म्हणालात तरी माझी हरकत नाही, फक्त मग 'छेडलेली' आणि 'येते' लिहा.