रोम आणि फ्लोरेन्सच्या मध्ये चार दिवस मोकळे आहेत, अंब्रियाला जावं का? निसर्ग आणि खाणं कसं आहे?

हो, नक्की जा आणि चारही दिवस तिथेच घालवा. मी पेरुजाला, म्हणजे अंब्रियाच्या राजधानीत, दीड वर्ष शिकायला होतो. इटलीत समुद्र पण नाही आणि दुसऱ्या देशाची हद्द पण नाही असा हा एकच प्रांत, त्यामुळे जिकडे बघाल तिकडे डोंगर, ऑलिव्हच्या बागा आणि टेकडीच्या माथ्यावरची दगडी गावं.

खाण्याचं विचारलंय तर आधी ब्रेड. पहिल्या दिवशी मला वाटलं बेकरीवाला मीठ विसरला, पण तिथला ब्रेड अळणीच असतो. लोक सांगतात की १५४० साली पोप तिसऱ्या पॉलच्या मिठाच्या करावरून पेरुजाने बंड केलं, हरले, आणि तेव्हापासून ब्रेडमधून मीठ गेलं. ब्रेडचं कारण खरंच हेच का यावर वाद आहे, बंड मात्र झालं होतं, आणि ते मोडल्यावर पोपने तिथली घरं अन् गल्ल्या गाडून वर किल्ला बांधला, रोक्का पाओलिना. आज खालून गावात यायचे सरकते जिने त्याच गाडलेल्या गल्लीतून जातात, दोन्ही बाजूंना जुने दरवाजे दिसतात, मी रोज जायचो तरी तिथे पाय रेंगाळायचाच. तर तो ब्रेड नुसता खाऊ नका, नोर्चा गावच्या खारट हॅमबरोबर किंवा ताज्या, जरा कडसर ऑलिव्ह तेलात बुडवून खा.

शाकाहारी असाल तर तोर्ता अल तेस्तो शोधा. आमच्या घरमालकीणबाई करायच्या, जाड तव्यावर चिमूटभर पीठ टाकून तवा किती तापलाय ते बघायचं, मग जाडसर पोळी टाकून काट्याने टोचे मारायचे आणि भाजली की मधून चिरून आत लसणीवर परतलेली पालेभाजी. मला अगदी आजीची भाकरी आठवायची.

जून-जुलैत गेलात तर कास्तेल्लुच्चो. २०१६ च्या भूकंपात गावाची फार पडझड झाली, पण खालच्या पठारावर मसुराची शेतं आणि त्यात खसखशीची लाल फुलं आणि इतर निळी, पिवळी रानफुलं, काय सांगू! तिथला मसूर बारीक, पातळ सालीचा, भिजवावा पण लागत नाही. अर्धा किलो तरी घेऊन या.

आणि एक दिवस मोन्तोने या टेकडीवरच्या गावाला जाच. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, वय २२, दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ ला या भागात टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना गेले. त्यांच्या छोट्या तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर एकटे मशीनगनवर धावून गेले होते, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, देह सापडलाच नाही. २०२३ मध्ये तिथे त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक झालंय. ट्रेन वर गावापर्यंत जात नाही, गाडी भाड्याने घ्या आणि ऊन असेल तेव्हा जा, म्हणजे घड्याळाची सावली दिसेल.